म्हणे पहिले दोन सीझन स्किप मारा!

काल रात्री पावणेबाराला लाईन आली अन् पाच मिनिटांत गेली. मी वावरात, हातात बॅटरी, समोर स्टार्टर, गुडघ्यापर्यंत चिखल. तेवढ्यात पुण्याहून भाच्याचा मेसेज: "मामा, तुमची ती 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' सुरू करतोय. रँकिंग वाचली. पहिले दोन सीझन कचरा आहेत म्हणे. डायरेक्ट तिसऱ्यापासून पाहतो."

डोकं सरकलं माझं. 'म्हणे' म्हणजे कोण म्हणे? ज्यानं ती रँकिंग लिहिली त्या भैताडाला आणा कोणीतरी माझ्यासमोर. अवकाशात हिंडणाऱ्या एका जहाजाची ही अमेरिकन मालिका, सात सीझन, १७८ भाग, १९८७ ते १९९४ एवढा मोठा संसार, अन् हा बसल्या जागी निकाल लावतो: एक-दोन फेका, सातवा जमलं तर पाहा. जसा बाजारात वांगी निवडून राहिला!

मी दारव्ह्याकडचा. अमरावतीला पॉलिटेक्निकला होतो तेव्हा होस्टेलवर एका सीनियरच्या कॉम्प्युटरवर ही मालिका पहिल्यांदा पाहिली. इंग्रजी अर्धं कळायचं, खालच्या अक्षरांवर भागायचं. पुढं डिप्लोमा झाला, नोकरी झाली नाही, शेती गळ्यात आली. मालिका काही सुटली नाही. आता रब्बीत आमच्याकडं एक आठवडा दिवसाची लाईन, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात हरभऱ्यात स्प्रिंकलर लावायचे, चार तासांनी पाइप उचलून पुढं न्यायचे, मधल्या वेळात रानडुकरं हाकलायची अन् धुऱ्यावर बसून एक-एक भाग पाहायचा. पंचेचाळीस मिनिटांचा भाग. चार तासांत पाच होतात, लाईन टिकली तर. ती टिकत नाही तो भाग वेगळा. वावरात रेंज एक काडी, म्हणून भाग घरून उतरवून न्यायचे. लाईन दोन रात्री आली नाही की तिसऱ्या रात्री मोबाइल सांगतो, डाउनलोडची मुदत संपली. अरे, मी काय दुधाची पिशवी नेली होती का?

बायको म्हणते, "कायले जागता रातभर त्या टकल्याच्या मांगं?" तिला कसं सांगू, की जागतो पाण्यासाठीच, टकल्या, म्हणजे त्या जहाजाचा कॅप्टन पिकार्ड, फक्त सोबतीला असतो.

सांगायचं काय, तर मी ही मालिका अशी घासाघासानं खाल्ली आहे. अन् मला शिकवतो कोण, तर पंख्याखाली पडून एका शनिवार-रविवारात आख्खा सीझन गिळणारा!

माझी रँकिंग ऐका मग. तिसरा पहिला. त्यात वादच नाही, तो रँकिंगवालाही तेच म्हणतो. मायकल पिलर लेखकांचा म्होरक्या झाला अन् गाडी रुळावर आली. पण याच तिसऱ्या सीझनमधला तो भाग घ्या, ज्यात पिकार्डच्याच जहाजाच्या नावाची जुनी एंटरप्राइज भूतकाळातून येते अन् सगळा इतिहास बदलून जातो. 'यस्टरडेज एंटरप्राइज', फेब्रुवारी १९९०. त्यात ताशा यार, जहाजाची सुरक्षा अधिकारी, जिवंत उभी असते. अंगावर काटा येतो, कारण पहिल्या सीझनमध्ये तिला एका डांबरासारख्या काळ्या राक्षसानं उगाचच, काही कारण नसताना, एका झटक्यात मारलेलं आपण पाहिलेलं असतं. इथं तिला कळतं की आपलं खरं मरण बिनकामाचं होतं, अन् ती स्वतःहून दुसरं मरण निवडायला जाते. आता ज्यानं पहिला सीझन स्किप मारला त्याला काय दिसणार? एक सोनेरी केसांची बाई. आली, लढली, गेली. घंटा कळलं नाही त्याला!

अन् पिकार्डला बोर्ग, म्हणजे ते अर्धे माणूस अर्धे यंत्र, पकडून नेतात, आपल्यातला करून टाकतात, अन् त्याचा उजवा हात रायकर स्वतःच्याच कॅप्टनवर गोळी झाडायचा हुकूम देतो, तिथं तिसरा सीझन संपतो. जून १९९० मध्ये. पुढचा भाग थेट सप्टेंबरात. म्हणजे पेरणीला पडलेलं कोडं तिकडच्या लोकांना पोळा होऊन गेल्यावर सुटलं. माझं म्हणाल तर मोबाइलची बॅटरी बरोबर त्या हुकमावर मेली, घरी आलो तर डीपी जळालेली. चार दिवस गाव अंधारात. चार दिवस मी शेजारपाजाऱ्यांशी धड बोललो नाही. पण त्या बोर्गची धास्ती आली कुठून? दुसऱ्या सीझनमधून! क्यू नावाचा, देवासारखी ताकद असलेला तो आगाऊ प्राणी जहाजाला सात हजार प्रकाशवर्षं लांब भिरकावतो, तिथं बोर्ग पहिल्यांदा भेटतात, अठरा माणसं जातात, अन् पिकार्डसारख्या ताठ माणसाला 'मला तुझी गरज आहे' म्हणावं लागतं. तो दुसरा सीझन, ज्याला हा कचरा म्हणतो.

दुसऱ्यावरून तर मी कोणाशीही भांडतो. माझ्या यादीत तो तिसरा आहे. हसा. १९८८ मध्ये अमेरिकेत पटकथालेखकांचा संप झाला, मार्च ते ऑगस्ट. सीझन सुरूच झाला नोव्हेंबरात. सव्वीसच्या जागी बावीस भाग. पहिल्याच भागाला सत्तरच्या दशकातल्या, कधी न निघालेल्या मालिकेची जुनी संहिता झटकून वापरली. शेवटचा भाग तर जुन्याच भागांचे तुकडे जोडून काढला. रायकर आजारी पडतो अन् त्याला मागचं आठवत राहतं. भिकार आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण दुबार पेरणी केलेल्या वावराला कोणी विचारतं का, की बाबा, उतारा कमी का? आम्हाला विचारतात म्हणा. पंचनाम्याला येणारे तर नक्की विचारतात.

अन् त्याच तुटक्या सीझनमध्ये डेटाच्या खटल्याचा भाग आहे. डेटा म्हणजे यंत्रमानव. एक शास्त्रज्ञ त्याला उघडून पाहायला मागतो, डेटा राजीनामा देतो, तर शास्त्रज्ञ म्हणतो, राजीनामा माणूस देतो, हा तर माल आहे, स्टारफ्लीटच्या, म्हणजे या जहाजांच्या दलाच्या मालकीचा. खटला उभा राहतो. पिकार्ड डेटाच्या बाजूनं, अन् रायकरला नाइलाजानं मित्राच्या विरोधात. तो भर कोर्टात डेटाचं बटण दाबून त्याला बंद करून दाखवतो. तेव्हाचा रायकरचा चेहरा पाहा. लिहिणारी मेलिंडा स्नॉडग्रास, स्वतः वकिली केलेली बाई, न मागता पाठवलेली संहिता.

हा भाग मी गेल्या साली शेजारच्या धुऱ्यावरच्या काकांसोबत पाहिला. त्यांचीही रात्रीची पाळी, लाईन गेलेली, दोघं शेकोटीला. सत्तरी ओलांडलेला माणूस. आधी म्हणाले, "हा पावडर लावेल मानूस कोन होय भाऊ?" मी एक-एक वाक्य वऱ्हाडीत सांगत गेलो. खटला सुरू झाल्यावर बोलणंच बंद झालं त्यांचं. संपलं तेव्हा बराच वेळ काडीनं निखारे उकरत बसले, मग म्हणाले, "बैल मी बी इकले अन् घेतले. पन पोयाच्या दिवशी त्याच्या पाया पडतो ना मी. मंग थो माल कसा व्हईन?" मी त्या रात्री घरी येऊन दुसऱ्या सीझनला एक नंबर वर सरकवला. आता सांगा, त्या रँकिंगवाल्याकडं असे काका आहेत का?

दुसऱ्या नंबरवर पाचवा. त्यानं पाचव्याला चौथं बसवलं आहे, 'संथ' म्हणून. संथ! त्या 'इनर लाइट'मध्ये पिकार्ड बेशुद्ध पडतो अन् पंचवीस मिनिटांत एका परक्या गावात आख्खं आयुष्य जगतो. लग्न, लेकरं, नातू, बासरी. ते गाव दुष्काळाचं आहे. तो माती हातात घेऊन पाहतो, वर्षानुवर्षं नोंदी ठेवतो, पाणी धरायचा उपाय सुचवतो, अन् मोठा अधिकारी पाहू-करू म्हणतो. गावाच्या मधोमध आशेचं म्हणून एक रोपटं लावलेलं असतं, त्याला वाट्याचं पाणी देतात. १९९३ ला ह्यूगो, विज्ञानकथांचं मोठं बक्षीस, मिळालं त्या भागाला. मी तो पाहिला त्या वर्षी आमच्या विहिरीनं फेब्रुवारीतच तळ दाखवला होता. संथ म्हणणाऱ्यानं एकदा मे महिन्यात येऊन आमच्या बोअरपुढं बसावं, गुंडभर पाण्यासाठी. मग कळेल संथ काय असते.

सहावा चौथा. त्यात पिकार्डला पकडून छळतात, चार दिवे दाखवतात अन् पाच आहेत म्हण म्हणतात. तो शेवटपर्यंत चारच म्हणतो. आमच्याकडं विचारून पाहा किती दिवे आहेत, छळायची गरजच पडणार नाही. चौथा पाचवा, फक्त एका भागासाठी: पिकार्ड फ्रान्सला आपल्या घरच्या द्राक्षाच्या मळ्यात जातो अन् मोठ्या भावाशी चिखलात लोळून मारामारी करतो. भावाभावांची धुऱ्यावरची भांडणं आम्ही फुकटात रोज पाहतो, पण त्यांची मारामारी रडण्यात संपते. आमची तहसीलमध्ये.

सातवा सहावा. थकलेला सीझन. मेणबत्तीतलं भूत डॉक्टरीणबाईच्या प्रेमात पडते, त्यावर मी काही बोलणार नाही, लेकरं वाचतात. अन् एका भागात वार्पवर, म्हणजे प्रकाशापेक्षा जोरात पळण्यावर, वेगमर्यादा येते, म्हणे जास्त पळालं तर अवकाश फाटतं, पाचच्या वर जायचं नाही. आमच्या दारव्ह्यावरून यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे चालायची, तिला कधी मर्यादा लावावी लागली नाही. ती आता बंदच पडली.

पहिला शेवटी. हो, शेवटीच! रायकरला दाढी नाही, 'कोड ऑफ ऑनर' तर एवढा लाजिरवाणा की त्यात काम केलेल्यांनीच पुढं नावं ठेवली. ताशाची नटी कंटाळून स्वतः सोडून गेली. पण मी त्याला शेवटी बसवलं ते पूर्ण पाहून, दोन वेळा, थंडीत. न पाहता नाही.

हे सगळं मी भाच्याला रात्रीच टाइप करून पाठवलं. उत्तर आलं: अंगठा. नुसता अंगठा!

आज संध्याकाळी त्याचा फोन. "मामा, मी तिसराही मधेच सोडला. सगळे म्हणतात शेवटचा भाग बेस्ट आहे, म्हणून तोच लावला. पण हा लाल झगा घालून कोर्टात हवेत तरंगणारा माणूस कोण? पिकार्ड त्याला आधीपासून ओळखतो का? कसला सात वर्षांपूर्वीचा खटला? अन् सुरुवातीला शटल चालवते ती सोनेरी केसांची बाई कोण?"

मी म्हणालो, "तुह्या रँकिंगवाल्याले इचार," अन् फोन ठेवला. लाईन यायची वेळ झाली होती.