आवाज आला की शॉकअब्सॉर्बर बदला? थांबा

जुन्या युरोपियन गाड्यांबद्दल एक सल्ला सर्रास फिरतो: यांचं सस्पेन्शन मुळातच नाजूक, खडखड आली की चारही शॉकअब्सॉर्बर बदला, एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असेल तर काढून साधी स्प्रिंग टाका, तरी आवाज राहिला तर गाडी विका. या सल्ल्यापायी लोकांचे पैसे भलत्याच ठिकाणी जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आवाज म्हणजे शॉकअब्सॉर्बर? तो गेला की बहुधा तेल गळतं, खड्ड्यानंतर गाडी झुलत राहते. बारीक खडबडीत रस्त्यावरची टकटक बहुतेकदा अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीच्या) लिंकची असते. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं की लोक डिस्क बदलतात. बीएमडब्ल्यू ई39 मध्ये मात्र दोषी अनेकदा पुढच्या थ्रस्ट आर्मचा (चाक जागेवर धरणाऱ्या दांड्याचा) द्रव भरलेला बुश, म्हणजे सांध्यातला रबरी तुकडा, निघतो. तो फाटला की आर्मवर ओघळाचा डाग दिसतो. टॉर्च घेऊन वाकून बघा, एवढंच.

मुळातच नाजूक? 1994 च्या ऑडी ए4 मध्ये पुढच्या प्रत्येक चाकाला चार अ‍ॅल्युमिनियम आर्म आहेत. सांधे जास्त, म्हणून झिजणारं रबरही जास्त. वीस-पंचवीस वर्षांत रबर कडक होऊन तडकणारच.

‘नवे बुशही लगेच गेले, म्हणजे डिझाइनच वाईट’ हे तर मला सर्वांत खटकतं. बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म हलला की ते घसरत नाही, पिळलं जातं. गाडी उचललेली, चाक लोंबकळतंय आणि त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण कसला, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट आधी सैल लावायचा, हबखाली (चाक ज्यावर बसतं त्या भागाखाली) जॅक देऊन चाक नेहमीच्या उंचीवर आणायचं आणि मगच टॉर्क रेंचने (जोर मोजून कसणाऱ्या पान्याने) कसायचं. हे होत नाही आणि बदनामी पार्टची होते.

एअर सस्पेन्शन काढून टाका? मर्सिडीज डब्ल्यू220 मध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर जळतो तो बऱ्याचदा गळतीमुळे. हवा निसटत राहते, तो भरत राहतो, शेवटी दमतो. नुसता कॉम्प्रेसर बदलला तर नवाही जाईल. साबणाचं पाणी मारून आधी गळती शोधा.

विकून टाका? घाई नको, पण काही वेळा आवाज खरंच गंभीर असतो. बीएमडब्ल्यू ई46 मध्ये मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बॉडीला जोडली जाते तिथला पत्रा तडकतो. मर्सिडीज डब्ल्यू210 मध्ये पुढच्या स्प्रिंगची बैठक गंजून सुटू शकते. तिथे बुश आणि शॉकअब्सॉर्बर नंतर बघा, आधी वेल्डिंग. गंज लागलेली बैठक दुरुस्त होईपर्यंत ती गाडी चालवू नका.