‘आईवडिलांच्या घराला कुलूप लावून’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

हिवाळ्यापुरते राहण्यासाठी स्पेनच्या आलिकांते प्रांतात आम्ही घर कसे निवडले, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी नीट वाचली. तिथली घरे हिवाळ्यात आतून गार पडतात, ब्रिटिश पारपत्रावर ९० दिवसांपलीकडे राहता येत नाही, २०२४ च्या पुरानंतर त्या बाजूला घर घेणे धोक्याचे आहे, परक्यांच्या खरेदीमुळे तिथल्या तरुणांना घरे परवडेनाशी झाली आहेत आणि उतारवयात काही बरेवाईट झाले तर तिथे धावून येणारे कोणी नसते, असे आपले आक्षेप आहेत; त्यापेक्षा कायमचे भारतात यावे, असेही आपण सुचवले आहे. यांतल्या प्रत्येकावर सभ्यपणे चर्चा झाली असती. परंतु या सगळ्याच्या मधोमध आपण एक वाक्य लिहिले आहे: ‘आईवडिलांच्या घराला कुलूप लावून परमुलखात ऊन विकत घेणाऱ्यांनी इतरांना घर निवडण्याचे धडे देऊ नयेत.’ या वाक्याचे उत्तर दिल्याशिवाय बाकीच्या मुद्द्यांकडे वळणे मला शक्य नाही.

त्याआधी जे मान्य करायचे ते करून टाकते. घरे आतून गार असतात, हे आपले म्हणणे बरोबर आहे. कोस्ता ब्लांकावरच्या, म्हणजे आलिकांतेच्या किनारपट्टीवरच्या, जुन्या इमारती उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या आहेत. फरशी संगमरवरी किंवा टेराझोची, खिडक्यांना एकेरी काच, भिंतींत ऊब धरून ठेवणारा थर नाही आणि सगळे घर एकदम तापवणारी यंत्रणा क्वचितच आढळते. जानेवारीत बाहेर दुपारी १७ अंश तापमान असताना उत्तरेकडच्या खोलीत शाल पांघरून बसावे लागते, आणि १२.५ किलोच्या नारिंगी ब्युटेन सिलिंडरवरची शेगडी लावली की थोड्याच वेळात काचांवर पाणी धरते व कोपऱ्यांत ओल दिसू लागते. हा तपशील माझ्या लेखात थोडक्यात आला होता, तो सविस्तर यायला हरकत नव्हती. मात्र त्याच लेखात पुढे दक्षिणमुखी घराविषयीचा जो परिच्छेद आहे, तो याच अडचणीवरचा उपाय आहे आणि तो आपण वाचलेला दिसत नाही. आलिकांते ३८ अक्षांशावर आहे; डिसेंबरच्या अखेरीस तिथला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २८ अंश वर येतो. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या दिवाणखान्यात ऊन मागच्या भिंतीपर्यंत जाते आणि दुपारी फरशीवर अनवाणी चालता येते, तर उत्तरेकडच्या खोलीत अख्खा हिवाळा उन्हाचा कवडसाही शिरत नाही. आपल्याकडे दक्षिणमुखी दार म्हटले की गिऱ्हाईक मागे फिरते. तिथे हिवाळ्यासाठी घर घेणाऱ्याने दक्षिणेशिवाय दुसरी दिशा पाहूच नये, आणि समोरच्या इमारतीची सावली कुठवर येते हे जानेवारीत स्वतः उभे राहून पाहावे, असे माझे ठाम मत आहे. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा समोरच्या इमारतीच्या सावलीचा अंदाज येत नाही.

आता आपल्या त्या वाक्याविषयी.

मिरजेच्या आमच्या घराला कुलूप नाही. वडील गेल्यावर आई त्याच घरात राहिली. तिच्या अखेरच्या आजारपणात मी रुग्णालयातल्या नोकरीवरून बिनपगारी रजा काढून तिच्या उशाशी होते, आणि तिला औषधाचा चमचा भरवणारे हात माझे व माझ्या वहिनीचे होते. तिच्यामागे आम्ही बहिणींनी हक्कसोडपत्र करून ते घर भावाच्या नावावर केले. आज तिथे त्याचे कुटुंब राहते आणि गौरी-गणपतीला सगळे भाचे-पुतणे तिथेच जमतात. आपल्याला यातले काहीही ठाऊक नव्हते, ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. पण मग ज्या घराविषयी आपल्याला काहीच माहीत नाही, त्याचे कुलूप आणि त्या घरातली गेलेली माणसे आपण चार लोकांसमोर काढलीत कशासाठी? खिडक्यांच्या काचांबद्दल आणि व्हिसाच्या दिवसांबद्दल बोलताना याची गरज काय होती, हे मला अजूनही कळलेले नाही.

त्या वाक्यात आणखी एक गृहीत आहे, ते म्हणजे गावी हिवाळा काढण्याचा विचारही आम्ही केला नसावा. माझे यजमान इचलकरंजीचे आहेत. वस्त्रोद्योगाचे शिक्षण घेऊन ते १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या यॉर्कशायरला आले आणि त्यांची उमेदीची वर्षे हडर्सफील्डच्या आसपासच्या लोकरीच्या गिरण्यांत गेली. आज त्यांना श्वासनलिकांचा जुनाट विकार आहे, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. थंड, दमट हवा आली की हा विकार उसळतो. हडर्सफील्डला डिसेंबरात दिवस साडेसात तासांचा असतो, त्यातही ढग असतात, आणि अशा दिवसांत घरात कोंडलेल्या वृद्ध माणसाच्या पायांतले बळ महिन्याभरात कसे कमी होते, हे मी फार्मासिस्ट म्हणून इतरांच्या घरी आणि पत्नी म्हणून माझ्या घरी पाहिलेले आहे.

निवृत्तीनंतर आम्ही हिवाळ्यासाठी आधी गेलो ते मिरजेलाच. तिथले डिसेंबरचे ऊन आलिकांतेच्या उन्हापेक्षा कितीतरी चांगले आहे, याबद्दल वाद नाही. परंतु सांगली-कोल्हापूरकडे ज्या महिन्यांत थंडी पडते, त्याच महिन्यांत कारखान्यांचा गळीत हंगाम चालतो. उसाची तोड झाली की शिवारात पाचट पेटवतात. पहाटेच्या गार हवेत तो धूर वर न जाता गावावर दबून राहतो, आणि सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळ्या राखेची हलकी पिसे बसलेली असतात, जी झटकायला जावे तर कापडावर काळी रेघ ओढत जातात. ती राख कपड्यांवर दिसते, छातीत गेलेली दिसत नाही. यजमानांच्या उशाशी नेब्युलायझर आला, रात्री आडवे होणे बंद झाले, आणि शेवटी भावानेच आम्हाला सांगितले की ताई, यांना इथून लवकर घेऊन जा. पुण्याला भाचीकडे राहून पाहिले, तर तिथे वाहनांचा धूर आणि दारासमोरच्या बांधकामाची धूळ होती. यात मी ऊस उत्पादकाला दोष देत नाही, माझे आजोळ उसावरच जगले आहे. पण ज्या माणसाला श्वास घ्यायला कष्ट पडतात, त्याने मातीच्या प्रेमाखातर तो धूर सोसावा, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

प्रवासाचेही तेच. विमान उडत असताना आतल्या हवेचा दाब समुद्रसपाटीवरचा नसतो; तो सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका असतो. ज्याच्या रक्तात प्राणवायू मुळातच कमी आहे, त्याला मुंबईपर्यंतचे नऊ-दहा तास आणि मँचेस्टरहून आलिकांतेपर्यंतचे पावणेतीन तास यांत फार मोठा फरक पडतो. शिवाय कायमचे भारतात यावे, असे जे आपण सुचवता, त्याचा हिशेबही समजून घ्या. भारतात कायम राहायला गेलेल्या माणसाचे ब्रिटिश सरकारी निवृत्तिवेतन ज्या रकमेवर असेल त्या रकमेवर गोठते आणि पुढे महागाई कितीही वाढली तरी त्यात भर पडत नाही, आणि ब्रिटनमधले वास्तव्य संपल्यावर तिथल्या रुग्णालयांतल्या मोफत उपचारांचा हक्कही उरत नाही. आयुष्यभर ज्या व्यवस्थेत पैसे भरले, ती व्यवस्था गरजेच्या वेळी सोडून देण्याचा सल्ला आपण किती सहज दिलात!

आणि प्रकृतीसाठी हिवाळ्यात गाव बदलणे ही आम्ही काढलेली टूम नव्हे. दमेकऱ्याला आणि क्षयाच्या रोग्याला हवापालटासाठी देवळालीला किंवा पाचगणीला पाठवणे ही आपल्याकडच्या कित्येक घरांतली जुनी रीत आहे. ऐपत असेल त्यांनी तिथे घरेही घेतली, आणि त्यांच्यावर मुळे तोडल्याचा आरोप कोणी केल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. युरोपातही १९ व्या शतकात इंग्लंडातली आजारी आणि वृद्ध माणसे हिवाळा काढायला आजच्या फ्रान्समधल्या नीसला आणि मांतोंला जात. नीसच्या समुद्रकाठचा रस्ता आजही इंग्रजांच्या नावाने ओळखला जातो. आम्ही त्याच कारणासाठी, त्याच भूमध्य समुद्राच्या काठी, आमच्या बेताच्या पैशांत जागा शोधली.

ती शोधताना जे कळले ते लिहिणे म्हणजे धडे देणे असेल, तर मी ते पुन्हा देईन. पोर्तुगालचा दक्षिण किनारा, अल्गार्व्ह, आम्हाला फार आवडला होता, पण तिथला पाऊस अटलांटिकवरून नेमका हिवाळ्यात येतो, तर आलिकांतेला वर्षभरात सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडून जातो. स्पेनचे तेनेरीफ बेट अधिक उबदार आहे, पण विमानाचे चार तासांहून अधिक होतात. आलिकांते प्रांतातल्याच हावेआच्या डोंगरउतारावरचे बंगले देखणे आहेत, मात्र धाप लागणाऱ्या माणसाला तिथे पाव आणायलाही मोटार काढावी लागते. पर्यटकांसाठी वसवलेल्या कित्येक वसाहतींत हिवाळ्यात खिडक्यांच्या झडपा खाली ओढलेल्या असतात, कोपऱ्यावरचे दुकान बंद असते आणि पडल्या-झडल्यास हाक ऐकायला जिन्यात माणूस नसतो. म्हणून आम्ही आलिकांते शहराजवळचे एल कांपेयो निवडले. तिथे वर्षभर राहणारी स्पॅनिश कुटुंबे आहेत, समुद्राकाठचा रस्ता सपाट आहे, आलिकांते शहरात जाणारी ट्राम आहे आणि सान हुआनचे मोठे सरकारी रुग्णालय जवळ आहे. संध्याकाळी खाली बाकावर बसलेल्या आज्या यजमानांची चौकशी करतात, तुटक्या स्पॅनिशमध्ये ते उत्तर देतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात. याला आपण परमुलूख म्हणा, मला त्यात कमीपणा वाटत नाही.

आपल्या उरलेल्या मुद्द्यांविषयी थोडक्यात. १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा ब्रिटिश नागरिकांना २०२१ पासून आहे आणि ती मला ठाऊक आहे. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ त्यात बसतो आणि आम्हाला तेवढाच हवा असतो. २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात दोनशेहून अधिक माणसे दगावली, ही भीषण गोष्ट आहे. पण सर्वांत मोठी हानी व्हॅलेन्सिया शहराच्या दक्षिणेकडच्या, ओढ्यांलगतच्या गावांत झाली, तो प्रांत वेगळा, आणि पुराचा सरकारी नकाशा पाहून व वरच्या मजल्यावर घर घेऊन जी काळजी घ्यायची ती आम्ही घेतलेली आहे. स्थानिक तरुणांच्या घरांचा प्रश्न खरा आहे. जानेवारी २०२५ मध्ये स्पेनच्या पंतप्रधानांनी युरोपीय संघाबाहेरच्या अनिवासी खरेदीदारांवर घराच्या किमतीच्या १०० टक्क्यांपर्यंत कर लावण्याचा प्रस्ताव मांडला, तोही मला माहीत आहे. मात्र आम्ही आमचे घर पर्यटकांना भाड्याने देत नाही, घेताना किमतीच्या १० टक्के हस्तांतरण कर भरला, आणि घर बंद असतानाच्या महिन्यांवरही मानीव उत्पन्न धरून दर वर्षी २४ टक्क्यांनी कर भरतो. एका दक्षिणमुखी फ्लॅटवर सगळ्या देशाच्या घरटंचाईचे खापर फोडायचे असेल तर त्यावर मी अधिक वेळ घालवणार नाही.

राहिला तो बरेवाईट झाल्यास कोण धावणार, हा प्रश्न. तो आपण काळजीने विचारला असता तर मी त्याच भावनेने उत्तर दिले असते. तात्पुरत्या वास्तव्यात सरकारी रुग्णालयातल्या आवश्यक उपचारांसाठी आमच्याकडे ब्रिटनचे जीएचआयसी कार्ड आहे. आजारी माणसाला विमानाने परत आणण्याचा खर्च त्यात येत नाही, म्हणून यजमानांचा जुना आजार नमूद करून वेगळा प्रवासी विमा आम्ही घेतो. मुलगी लीड्सला असते आणि निरोप मिळाल्यावर त्याच दिवशी पोहोचू शकते. स्पॅनिश कायद्यात मुलांचा वाटा सक्तीने राखून ठेवलेला असतो, परंतु युरोपीय संघाच्या २०१५ पासून लागू झालेल्या वारसा नियमानुसार परक्या नागरिकाला आपल्या देशाचा कायदा निवडता येतो. तशी नोंद करून तिथल्या नोटरीसमोर आम्ही दोघांनी मृत्युपत्रे केलेली आहेत आणि त्यांच्या प्रती मुलांकडे आहेत. घराविषयी, करांविषयी किंवा उपचारांविषयी आपल्याला आणखी काही विचारायचे असेल तर अवश्य विचारा, मी उत्तर देईन. माझ्या आईवडिलांविषयी पुन्हा काही लिहिलेत तर ती प्रतिक्रिया मी इथे ठेवणार नाही.