मिसेस डार्सी पिवळ्या झग्यात असणार

सांगलीत ताईची पुस्तकभिशी आहे. महिन्याला एक पुस्तक, एकीच्या घरी पोहे-चहा आणि दोन तास चर्चा. गेल्या महिन्यात त्यांनी 'प्राइड अँड प्रेज्युडिस' घेतलं होतं. रविवारी ताईचा फोन आला तो निकाल सांगायलाच. बहुतेक सगळ्यांचं म्हणणं पडलं की या कादंबरीचा पुढचा भाग हवाच. एलिझाबेथ बेनेटचं डार्सीशी लग्न झालं, ती पेम्बर्लीच्या त्या भल्यामोठ्या वाड्यात गेली, इथवर छान. पण मग पुढे? "तू तर तिकडेच राहतेस," ताई म्हणाली. "तिथल्या बायकांना हा प्रश्न पडत नाही?"

मी हॅम्पशायरमधल्या ऑल्टनला राहते, त्याला आता चौदा वर्षं झाली. इथून चालत जाण्यासारख्या अंतरावर चॉटन आहे. १८०९ साली जेन ऑस्टेन आई आणि बहिणीबरोबर तिथल्या घरात राहायला आली आणि 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वर शेवटचा हात तिने तिथेच फिरवला. २८ जानेवारी १८१३ ला पुस्तक बाहेर पडलं. हक्क ११० पौंडांना विकून टाकलेले आणि पुस्तकावर लेखिकेचं नावसुद्धा नाही. ज्या बारा कोनांच्या अक्रोडी मेजावर ती लिहायची ते अजून त्या घरात आहे. मेज म्हणजे किती, तर आपल्या जेवणाच्या पाटाला उंच पाय लावावेत एवढं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

म्हणजे हा प्रश्न माझ्या अगदी दारातला आहे, आणि उत्तर द्यायला मला आठवडा लागला. कारण ताईचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. ती म्हणते, "लग्न हा शेवट कसा गं? माझी गोष्ट तर तिथून सुरू झाली." बाविसाव्या वर्षी ती अकरा माणसांच्या घरात सून म्हणून गेली. रात्री ओटा पुसून झाला की माजघरातल्या दिव्याखाली वाचत बसायची, दिवा किती वेळ जळतो याचीही चर्चा व्हायची. तिला मनापासून जाणून घ्यायचंय की तोंडावर उत्तर देणारी, बापाची लाडकी, हुंड्याच्या नावाने फारसं काही न आणलेली ही मुलगी वर्षाला दहा हजार पौंडांच्या घरात टिकली कशी. लेडी कॅथरीनसारखी मावससासू असताना! हा प्रश्न इंग्रज वाचक असा विचारत नाही. 'मावससासू' म्हटल्याबरोबर आपल्याला जे दिसतं ते त्यांना दिसत नाही. आणि आपल्या कादंबरीचीही हीच रीत आहे. हरिभाऊ आपट्यांची यमू आठवा. तिची खरी कहाणी लग्नानंतरची. लग्नापाशी पुस्तक मिटलं की आपल्याला मधेच ताटावरून उठवल्यासारखं वाटतं.

यात सिनेमाचाही हात आहे. २००५ सालच्या सिनेमाचे शेवट दोन आहेत. इथे इंग्लंडमध्ये जो दाखवला तो एलिझाबेथच्या वडिलांपाशी संपतो. ते लग्नाला होकार देतात, ती धावत बाहेर जाते आणि ते म्हातारे गृहस्थ एकटेच खोलीत बसून असतात. अमेरिकेत मात्र आणखी एक प्रसंग जोडला होता. रात्रीची वेळ, पेम्बर्ली, लग्न झालेली दोघं, आणि तो तिला पुन्हा पुन्हा 'मिसेस डार्सी' म्हणतोय. काही मिनिटांचाच प्रसंग, पण इथल्या प्रेक्षकांना तो नको झाला होता, म्हणून तो वगळला गेला. ताईने पाहिलेला सिनेमा तो अमेरिकेचा. आम्ही दोघी कितीतरी वेळ भांडत होतो आणि मग लक्षात आलं की आम्ही दोन वेगळे शेवट मनात धरून बोलतोय.

माझं मत सांगते. एलिझाबेथला पुढच्या भागाची गरज नाही, कारण तिचा पुढचा भाग ऑस्टेनने लिहिलेला आहे. पुस्तकाचं एकसष्टावं, शेवटचं प्रकरण पुन्हा वाचा. चार-पाच पानांचं आहे, आणि लग्नाच्या धुंदीत आपण ते भरभर उलटतो. सगळं त्यात आहे. एलिझाबेथची थोरली बहीण जेन आणि तिचा नवरा बिंगली आईच्या शेजारी वर्षभरच टिकले, मग त्यांनी डर्बीशायरजवळ घर घेतलं आणि दोघी बहिणी तीस मैलांच्या अंतरावर आल्या. बाप न कळवता पेम्बर्लीला येऊन थडकायचा, कारण लेकीशिवाय त्याला करमत नव्हतं. धाकटी लिडिया पत्रातून पैसे मागायची आणि एलिझाबेथ आपल्या हातखर्चातून वाचवून तिला पाठवायची. नवऱ्याच्या खजिन्यातून नव्हे, स्वतःच्या हातखर्चातून. लग्न झालेल्या कुठल्या मराठी बाईला या एका वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागेल? आणि नणंद जॉर्जियाना. वहिनी नवऱ्याची थट्टा करते हे पाहून ती आधी घाबरते, मग हळूहळू शिकते की बायकोला असंही बोलता येतं. ताईच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. टिकली कशी? बोलणं न सोडता टिकली. मावससासू रागावली, नाती तुटली, एलिझाबेथच्या आग्रहावरून डार्सीनेच समेटाचा हात पुढे केला, आणि शेवटी ती पेम्बर्लीला आली, सून कशी वागते ते बघायला.

ऑस्टेन घरच्यांना पात्रांचं पुढचंही सांगायची. तिच्या भाच्याने १८७० च्या सुमारास तिचं चरित्र लिहिलं, त्यात हे आहे. एलिझाबेथच्या बहिणींपैकी किटीचं पेम्बर्लीजवळच्या एका पाद्र्याशी लग्न झालं, आणि मेरीला मावशीच्या यजमानांच्या कचेरीतल्या एका कारकुनावर समाधान मानावं लागलं. पण एलिझाबेथ? तिच्याबद्दल १८१३ च्या मे महिन्यातलं एक पत्र आहे, लंडनहून बहिणीला लिहिलेलं. ऑस्टेन चित्रांच्या प्रदर्शनाला गेली होती आणि तिथे तिला 'मिसेस बिंगली' सापडली. पांढरा झगा, हिरवे दागिने. हिरवा तिचा आवडता रंग हे मला माहीतच होतं, असं ती लिहिते, आणि मिसेस डार्सी बहुधा पिवळ्यात असेल. मग ती तिला शोधत हिंडते. दुसरं प्रदर्शन बघते, रेनल्ड्सची चित्रं बघते. मिसेस डार्सी कुठेच नाही. मग तिला वाटतं की डार्सीला तिचं चित्र इतकं प्रिय असणार की चारचौघांच्या नजरेसमोर ते टांगलेलं त्याला खपणार नाही.

हे पत्र मी किती वेळा वाचलं असेल याची गणती नाही. जिने तिला घडवलं तिनेसुद्धा पुस्तकाबाहेर लग्नानंतरची एलिझाबेथ एवढीच पाहू दिली. एका रंगापुरती.

लिहायला अर्थात कोणाची आडकाठी नाही. पुस्तकावरचे हक्क कधीच संपलेत आणि शंभर वर्षांहून अधिक काळ लोक पुढचे भाग लिहिताहेत. मी त्यातली बरीच वाचलीत, आवडीने वाचायला घेतलीत. एम्मा टेनन्टच्या १९९३ च्या 'पेम्बर्ली'त एलिझाबेथला मूल होत नाही याची चिंता लागलेली असते. पी. डी. जेम्सच्या २०११ च्या कादंबरीत लग्नाला सहा वर्षं झालीत, दोन मुलगे आहेत आणि पेम्बर्लीच्या रानात खून होतो. जेम्सबाई मोठ्या लेखिका. एलिझाबेथला या प्रकरणात ओढल्याबद्दल त्यांनी सुरुवातीलाच ऑस्टेनच्या आत्म्याची माफी मागितलीय. तपास उत्तम रंगलाय, पण एलिझाबेथ पाहुण्यांची उठबस करणारी यजमानीण होऊन बसते. वाचताना मला तिची कीव आली, आणि एलिझाबेथ बेनेटची कीव यावी हे मला सहन झालं नाही.

दोष लिहिणाऱ्यांच्या कुवतीचा नाही. गोष्ट पुढे न्यायची तर संकट हवं. आणि या दोघांचं संकट एकच होतं, तिने त्याच्याबद्दल आणि त्याने तिच्याबद्दल केलेला चुकीचा ग्रह. तो निवळायला आख्खं पुस्तक लागलं. पुढच्या भागात एकतर बाहेरून खून-दरोडा आणावा लागतो, नाहीतर डार्सीला पुन्हा गर्विष्ठ आणि एलिझाबेथला पुन्हा संशयी करावं लागतं. म्हणजे जे ती कष्टाने शिकली ते पुसून तिला पुन्हा पहिलीच्या वर्गात बसवायचं. स्कार्लेट ओहाराचं निराळं होतं. 'गॉन विथ द विंड' संपतं तेव्हा नवरा घर सोडून निघालाय, वाचकाचा जीव टांगणीला लागतो. मार्गारेट मिचेलने पुढचं लिहायला तरीही नकार दिला आणि तिच्या पश्चात, १९९१ साली, वारसांच्या संमतीने दुसऱ्या लेखिकेकडून ते लिहवून घेतलं गेलं. तिथे निदान भूक समजते. इथे ताट भरलेलं आहे.

पण त्याच पुस्तकात एक ताट रिकामं राहिलंय.

फेब्रुवारीत मी आणि लेक चॉटनला चालत गेलो होतो. तिला परीक्षेला हेच पुस्तक आहे. आठवडाभर पाऊस झाला होता आणि शेतामधली पायवाट म्हणजे नुसता लगदा. पाय टाकला की बूट आत जायचा आणि ओढून काढताना 'फच्च' असा आवाज. आजारी जेनला बघायला एलिझाबेथ तीन मैल अशीच चालत जाते आणि तिचा परकर सहा इंच चिखलात भरतो म्हणून बिंगलीच्या बहिणी नाकं मुरडतात, हे लेकीने मला वाटेत वाचल्यासारखं म्हणून दाखवलं. घरी आल्यावर पँटी बाहेरच्या नळाखाली धरल्या. पाणी बर्फासारखं. इथली माती खडूची, पांढरट, वाळली की कापडात घट्ट बसते. बोटं लाल होऊन बधिर होईपर्यंत मी चोळत होते, तेव्हा मला सेरा आठवली.

मूळ पुस्तकात सेरा एकदाच येते. जेनला झगा चढवायला मदत कर, असं बेनेटबाई तिला घाईत ओरडून सांगतात. बस. जो बेकरने २०१३ साली 'लाँगबोर्न' लिहिली ती या सेराची गोष्ट म्हणून. सुरुवातच धुण्याच्या दिवसाने होते. उजाडायच्या आत हातपंपाने उपसलेलं पाणी, थंडीने सुजलेली बोटं, आणि चिखलाने भरलेला एलिझाबेथचा परकर. तो स्वतःला धुवावा लागला असता तर बाईसाहेब जरा जपून चालल्या असत्या, असं सेराच्या मनात येतं. मी तिथेच पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिले. एलिझाबेथचं ते चालत जाणं मला पंधरा-वीस वर्षं स्वातंत्र्याची खूण वाटत आलं होतं. अजूनही वाटतं. पण तो परकर धुतला कुणी, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सांगलीत वाढताना पडलाच नसता. नदीकाठची काळी माती माखलेले माझे शाळेचे युनिफॉर्म दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळत असायचे.

'लाँगबोर्न' एलिझाबेथला धक्का लावत नाही. मूळ पुस्तकात वरच्या मजल्यावर जे घडतं तेच इथे घडतं, आपण फक्त खाली स्वयंपाकघरात उभं राहून ते ऐकतो. मला हवं ते असं. पुढचं नको, बाजूचं लिहा, खालचं लिहा. मधली मेरी बेनेट, जी सगळ्यांच्या थट्टेचा विषय झाली, तिच्यावर जॅनिस हॅडलोने २०२० मध्ये अशीच माया केली.

आणि ताईच्या प्रश्नाबद्दल. अकरा माणसांच्या घरातल्या हुशार सुनेचं पुढे काय होतं, याचं उत्तर डर्बीशायरात सापडणार नाही. मीही लग्न होऊनच इथे आले. पहिल्या हिवाळ्यात चार वाजताच काळोख व्हायचा, नवरा सातला यायचा, आणि मधले तीन तास मी याच कादंबरीच्या लायब्ररीतल्या प्रतीबरोबर काढले. तिने मला तारलं. पण माझ्या त्या तीन तासांचं ओझं एलिझाबेथवर टाकावं असं मला वाटलं नाही. ते मराठीत, आपल्या नावाने लिहिलेलं मला वाचायचंय. ताईच्या जळणाऱ्या दिव्याचंही.

हे सगळं मी तिला या रविवारी फोनवर सांगितलं. ऐकून घेतलं, पण तिला सगळं पटलेलं नाही. एलिझाबेथला मुलगी झाली असणार आणि ती आईसारखीच फटकळ असणार, यावर ती ठाम आहे. मग मी विचारलं, "ताई, आपल्याकडे धुणं धुवायला यायच्या त्या मावशींचं नाव काय होतं गं?"

मला ठाऊक नव्हतं. आम्ही 'मावशी' एवढंच म्हणायचो.

"शेवंता," ताई लगेच म्हणाली. आणि मग अर्धा तास ती शेवंतामावशींबद्दलच बोलत होती. त्या कुठून यायच्या, पुराच्या वर्षी त्यांचं घर कसं गेलं, आमच्या आईशी एकदाच कशावरून भांडल्या आणि दोन महिने आल्याच नाहीत. मी कागद घेऊन लिहून घ्यायला लागले.