संयमाच्या निश्चयाविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

लग्नापर्यंत शरीरसंबंध ठेवायचे नाहीत हा माझ्या लेखात मांडलेला निश्चय आणि समवयस्कांनीही त्याचा विचार करावा हे माझे आवाहन, या दोन्हींवर तुम्ही सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे तीन आक्षेप आहेत असे मला समजले. पावित्र्याची भाषा शेवटी मुलींच्याच गळ्यात पडते आणि एका मुलाने ती बोलणे सोपे असते, हा पहिला. अशा शपथा टिकत नाहीत हे अभ्यासांतून दिसून आले आहे, हा दुसरा. आणि ज्याचा त्याचा खासगी प्रश्न असताना मी मित्रांना त्याकडे का वळवावे, हा तिसरा. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण पहिला आक्षेप वाचल्यावर मी माझाच लेख पुन्हा काढला आणि त्यातले एक वाक्य मला मागे घ्यावेसे वाटले.

‘स्वतःला स्वच्छ ठेवा’ हे ते वाक्य. लिहिताना मला त्यात काहीच गैर वाटले नव्हते. परंतु तुम्ही दाखवून दिल्यावर आपल्या भाषेतले शब्द मी जरा तपासून पाहिले. पुरुषाचे ब्रह्मचर्य ही पाळण्याची, साधण्याची, म्हणजे त्याने केलेली गोष्ट असते. स्त्रीचे शील मात्र ‘जाते’, ‘लुटले जाते’. म्हणजे ती जपायची वस्तू ठरते आणि तिच्यावर पहारा ठेवायला सगळे मोकळे होतात. त्या वस्तूचा पुरावा मागण्यापर्यंत माणसे गेली. कौमार्य ठरवणारी कोणतीही वैद्यकीय तपासणी अस्तित्वात नाही, हे स्पष्ट सांगून जागतिक आरोग्य संघटनेला आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांना २०१८ साली अशा चाचण्या थांबवण्याचे आवाहन करावे लागले, यावरून हा प्रश्न किती खोलवर रुजलेला आहे ते कळते. ‘स्वच्छ’ म्हटले की कोणीतरी अस्वच्छ ठरतेच. माझी एक मैत्रीण, जिचे नाते काही महिन्यांपूर्वी तुटले, तो लेख वाचून मला म्हणाली होती, “म्हणजे आता तुमच्यात मला जागा नाही.” तेव्हा मी घाईने तिची समजूत घातली; पण चूक तिच्या वाचनाची नसून माझ्या शब्दाची होती, हे तुमच्या प्रतिक्रियेनंतर मला उमजले. ते वाक्य मी काढले आहे आणि तिची माफीही मागितली आहे.

मात्र त्यावरून संयमाचा विचारच सोडून द्यावा, हे तुमचे म्हणणे मला पटत नाही. मुलींकडून जे सक्तीने मागितले गेले ते मुलांकडून कधी फारसे मागितलेच गेले नाही, हाच जर अन्याय असेल, तर एका बावीस वर्षांच्या मुलाने ते स्वतःकडून, कोणाच्याही पहाऱ्याशिवाय मागणे हे त्या अन्यायाला पुढे नेणे कसे ठरते? माझा निश्चय माझ्या वागण्यापुरता आहे. माझ्या होणाऱ्या जोडीदाराचा भूतकाळ तपासण्याचा अधिकार तो मला देत नाही.

आता अभ्यासांविषयी. तुम्ही त्यांचा केवळ उल्लेख केला आहे, पण ते मीही वाचले आहेत आणि मला ते टाळायचे नाहीत. अमेरिकेत १९९३ साली चर्चच्या पुढाकाराने तरुणांकडून अशा प्रतिज्ञापत्रांवर सह्या घेण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या मध्यवर्ती मैदानावर दोन लाखांहून अधिक कार्डे रोवून ठेवण्यात आली. त्या पिढीचा पाठपुरावा करून पीटर बेअरमन आणि हॅना ब्रुकनर या समाजशास्त्रज्ञांनी २००१ साली जे मांडले, ते दोन्ही बाजूंना अडचणीचे आहे. शपथ घेणाऱ्यांचा पहिला शरीरसंबंध सरासरीने सुमारे दीड वर्ष लांबला. पण हा परिणाम जिथे शपथ घेणारे थोडे होते अशा ठिकाणीच दिसला. जिथे शपथ घेणारे खूप होते तिथे तो उरला नाही, कारण सगळ्यांनीच घेतलेल्या शपथेने कोणाची स्वतःची अशी ओळख घडत नाही. शिवाय ज्यांची शपथ मोडली, त्यांनी त्या वेळी गर्भनिरोधक वापरण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी होते. पुढे २००९ साली जॅनेट रोझेनबॉम या संशोधिकेने शपथ घेणाऱ्यांची तुलना सर्वसाधारण तरुणांशी न करता, शपथेपूर्वी विचारांनी आणि श्रद्धेने त्यांच्यासारख्याच असलेल्या, पण शपथ न घेतलेल्या तरुणांशी केली. पाच वर्षांनी दोन्ही गटांच्या लैंगिक वर्तनात फरक आढळला नाही, आणि शपथ घेतलेल्यांपैकी ८२ टक्के जणांनी आपण कधी शपथ घेतलीच नव्हती असे सांगितले.

हा ८२ टक्क्यांचा आकडा मी कितीतरी वेळा पुन्हा वाचला. एवढी मुले खोटे बोलत असतील असे मला वाटत नाही. ती सही मुळात त्यांची नव्हतीच, असे मला वाटते. कोणीतरी कार्ड पुढे केले, शेजारच्याने सही केली, म्हणून त्यांनीही केली. तुम्ही या अभ्यासांतून संयम निष्फळ आहे असा निष्कर्ष काढता. मला मात्र सामुदायिक शपथ निष्फळ आहे एवढेच त्यातून दिसते. म्हणून संयमाचा हा विचार मानणारे आम्ही सहा-सात जण कोणाकडून वचन घेत नाही, सही घेत नाही आणि कोण टिकले, कोण नाही याची नोंदही ठेवत नाही. संयम निवडणाऱ्यालाही गर्भनिरोधनाची आणि लैंगिक संसर्गाची पूर्ण, शास्त्रशुद्ध माहिती असलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ‘आपल्याला कशाला लागेल’ या समजुतीने अज्ञानात राहणे हा निग्रह नव्हे, आणि निश्चय डळमळला त्या रात्री त्या अज्ञानाची किंमत बहुधा मुलीलाच मोजावी लागते.

मग मित्रांना सांगायचे कशासाठी? कारण आमच्या वयात गप्प राहणेही तटस्थ नसते. ‘अजून काहीच नाही?’ हा प्रश्न ज्याला मित्रांच्या घोळक्यात विचारला गेला आहे, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. माझा एक मित्र दोन वर्षे न घडलेल्या प्रसंगांच्या हकिकती सांगत होता, केवळ आपण मागे पडलो असे कोणाला वाटू नये म्हणून; आणि त्या हकिकती ऐकून दुसरा कोणी स्वतःला मागे पडलेला समजत होता. समवयस्कांच्या अनुभवांविषयी तरुणांचे अंदाज वास्तवापेक्षा फुगलेले असतात ते असेच. मी माझा निश्चय उघडपणे सांगितला त्या संध्याकाळी तो मित्र माझ्यासोबत चालत आला आणि बराच वेळ काही न बोलता शेवटी म्हणाला, “मला वाटले होते मी एकटाच आहे.” त्याने माझे ऐकून काहीही ठरवले नव्हते, त्याचे आधीच ठरलेले होते, फक्त ते बोलून दाखवायला त्याला जागा नव्हती. माझ्या आवाहनाचा अर्थ एवढाच आहे, आणि लेखात तो उपदेशाच्या सुरात आला असेल तर तो सूर चुकला हे मी मान्य करतो.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही विचारले आहे की उद्या हा निश्चय माझ्याच हातून मोडला तर मी काय करणार. त्या मित्राला आणि त्या मैत्रिणीला मी ते सांगेन. त्यांनी आपले मनातले मला सांगितले होते, तेव्हा माझे त्यांच्यापासून लपवण्याचा अधिकार मला राहिलेला नाही.