ओएसपीएफ एका ओळीत उरकत नाही

‘राउटर ओएसपीएफ १’ लिहा, खाली ‘नेटवर्क ०.०.०.० २५५.२५५.२५५.२५५ एरिया ०’ टाका, प्रोसेस नंबर सगळीकडे एकच ठेवा, बाकी सगळं आपोआप होतं: सिस्को राउटरवर ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवून मार्ग निवडण्याचा प्रोटोकॉल) चालू करण्यासाठी हा सल्ला सर्रास फिरतो. लॅबमध्ये चालतोही. चालत्या नेटवर्कवर तो टाकू नका.

प्रोसेस नंबर त्या राउटरपुरताच असतो. इकडे १, तिकडे ५० असला तरी नेबर (ओएसपीएफने जोडलेले शेजारचे राउटर) जुळतात. जुळावे लागतात ते एरिया (ओएसपीएफ नेटवर्कचा विभाग), सबनेट मास्क, ऑथेंटिकेशन आणि हॅलो-डेड टायमर (हॅलो संदेश किती वेळाने पाठवायचा आणि तो न आल्यास नेबर किती वेळाने गेला असं धरायचं; इथरनेटवर १० आणि ४० सेकंद).

खरा धोका त्या ‘नेटवर्क’ ओळीत आहे. कोणत्या इंटरफेसवर ओएसपीएफ चालू करायचं, हे ती ठरवते. सगळे शून्य दिले की आयपी असलेला प्रत्येक इंटरफेस त्यात येतो, वापरकर्त्यांचा लॅनसुद्धा. तिथे कोणी स्वतःचा राउटर जोडला आणि ऑथेंटिकेशन नसेल, तर तो नेबर होऊन खोटे रूट घुसवू शकतो. म्हणून ‘पॅसिव्ह-इंटरफेस डिफॉल्ट’ द्या (मग कोणत्याच इंटरफेसवर नेबर जुळत नाहीत) आणि राउटर-राउटरमधल्या लिंकवरच ‘नो पॅसिव्ह-इंटरफेस’. पॅसिव्ह इंटरफेसचं सबनेट तरीही जाहीर होतं. मात्र पहिली कमांड देताच सगळे नेबर तुटतात. त्याच वाटेने रिमोट लॉगिन असेल तर तुम्हीही बाहेर. कन्सोलवरून करा. ते शक्य नसेल तर चालू कॉन्फिग सेव्ह करून आधी ‘रीलोड इन १०’ लावा, म्हणजे अडकलात तर दहा मिनिटांनी राउटर रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेला कॉन्फिग परत येतो. बदल नीट बसला की ‘रीलोड कॅन्सल’ विसरू नका.

राउटर आयडी (ओएसपीएफमधली राउटरची ओळख) आपोआप मिळतो हे खरं: सर्वांत मोठा लूपबॅक (राउटरमधला आभासी इंटरफेस) आयपी, नाहीतर चालू इंटरफेसमधला सर्वांत मोठा. तरी तो हाताने द्या. नंतर बदलायचा तर प्रोसेस क्लिअर करावी लागते, म्हणजे पुन्हा सगळे नेबर खाली.

कॉस्टही (लिंकचा भाव; कमी असेल तो रस्ता निवडला जातो) आपोआप निघते, पण १०० एमबीपीएस आधार धरून. त्यामुळे १०० एमबीपीएस, १ जीबीपीएस आणि १० जीबीपीएस या तिन्ही लिंकची कॉस्ट १ येते आणि ट्रॅफिक संथ लिंकवरही वाटला जातो. ‘ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ १०००००’ सगळ्या राउटरांवर सारखंच द्या. मग कॉस्ट अनुक्रमे १०००, १०० आणि १० येते.

‘नेबर दिसला की झालं’ हेही चूक. ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’मध्ये स्टेट बघा. एक्सस्टार्टवर (जोडणी पूर्ण होण्याआधीचा टप्पा) अडकला असेल तर बहुधा दोन टोकांचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) वेगळा असतो, एकीकडे १५००, दुसरीकडे १४००. ‘एमटीयू-इग्नोर’ने नेबर फुल (जोडणी पूर्ण) होईल, पण मोठी पॅकेट पुढेही अडतील. एमटीयूच सारखा करा.