कटोरी रिकामी केली की झालं? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, कार्ब्युरेटर साफ करण्याच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आधी जरा राग आला, मग सकाळी चहा घेताना परत वाचली आणि अर्धी पटली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. काकांचं म्हणणं असं की बोटीच्या छोट्या मोटरच्या कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) पाणी गेलं तर त्याच्या कटोरीचा, म्हणजे तळाशी पेट्रोल साठतं त्या वाटीचा, ड्रेन स्क्रू सोडायचा, पाणी काढायचं, ताजं पेट्रोल घालायचं, दहा मिनिटांचं काम, आणि मी 'कार्ब पूर्ण खोला, जेट (बारीक भोकाचा पितळी तुकडा, त्यातून पेट्रोल येतं) काढा, भिजत घाला' असं लिहून लोकांना उगाच घाबरवतोय. शिवाय इंदूरला तीस वर्षं चेतक चालवली, जेट कायम तारेने साफ केला, काही बिघडलं नाही. आणि शेवटी 'तुम्ही मेकॅनिक तरी आहात का?' नाहीये हो. घरी पाने-स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसणारा माणूस आहे, एवढंच.

आता माझी चूक आधी. तुम्ही सांगता तेच मी पहिल्यांदा करून बघितलं होतं आणि नेमकं तेच लिहायचं राहिलं, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटणारच की याने एकदम पाना घेऊन सगळं खोलायलाच घेतलं.

झालं असं की ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात समाला आमच्या पार्किंगमध्ये शिरलं. मोटर, ५ एचपी, जुनी टू-स्ट्रोक, भिंतीला वर टांगलेली होती म्हणून वाचली, पण तिची पेट्रोलची टाकी खाली जमिनीवर आणि झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. पूर ओसरला, आम्ही चिखल काढण्यात (आणि जिन्याखाली मगर तर नाही ना हे बघण्यात, बडोद्याच्या लोकांना हे सांगायला नको) गुंतलेलो, टाकी बाहेरून पुसून ठेवली. दहा-बारा दिवसांनी मित्राबरोबर नर्मदेकाठी चांदोदला गेलो, टाकी लावली, दोरी ओढली, मोटर सुरू झाली, अर्धा मिनिट चालली आणि बंद. परत ओढली, परत बंद. असं वीसेक वेळा. मग वैतागून घरी आणली आणि कोपऱ्यात ठेवली ती दिवाळी होईपर्यंत. खरा घोळ हा आहे, पाणी गेलं त्यापेक्षा ते तिथे दोन महिने बसून राहिलं.

दिवाळीनंतर ड्रेन स्क्रू सोडला, ग्लासात धरलं, खाली पाण्याचा थर स्पष्ट दिसला. कटोरी रिकामी, नवीन पेट्रोल, प्लग पुसला. मोटर चोकवर मस्त चालली, चोक आत ढकलला की मेली. काका, इथेच तुमची दहा मिनिटं संपतात. चोक ओढला की हवा अडते, इंजिन जोरात ओढतं आणि मेन जेटमधून पेट्रोल येतं, म्हणून चालतं, पण आयडलचा, म्हणजे मोटर मंद चालताना पेट्रोल देणारा, बारीक जेट बंद असेल तर चोक काढल्यावर त्याला प्यायला काही मिळतच नाही. कटोरी उघडली तेव्हा तळाला पांढरी पावडर खरवडण्याएवढी जमलेली, अॅल्युमिनियम गंजल्याची, आणि पितळेच्या जेटवर हिरवट थर. आयडल जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, त्यात ही पावडर अडकली की ताजं पेट्रोल ओतून काय होणार? पाणी त्याच दिवशी काढलं असतं तर तुमचंच बरोबर ठरलं असतं, तेवढं मी आता वर लेखात घालतोय.

तुमच्या चेतकच्या काळात अजून एक गोष्ट नव्हती. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. थोडं पाणी असेल तर इथेनॉल ते पिऊन टाकतं, दिसतही नाही. पण पाणी वाढलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याच्या बाजूला जातं आणि दोघं मिळून टाकीच्या तळाला बसतात, आणि मोटरला जाणारा पाइप पण तळातूनच ओढतो. वरून आपली टू-स्ट्रोक, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. ते ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, खालच्या थरात नाही! म्हणजे मी चांदोदला वीस वेळा दोरी ओढत होतो तेव्हा पिस्टनला धड ऑइलच मिळत नव्हतं. जास्त वेळ चालली नाही हे नशीबच, नाहीतर सीझ झाली असती, म्हणजे पिस्टन आत जाम झाला असता, आणि मग कार्बबद्दल भांडायला आपण दोघं इथे नसतो.

तारेचं मात्र अजिबात मान्य नाही. जेट पितळेचा, मऊ, स्टीलची तार फिरवली की भोक ओरखडतं, थोडंसं मोठं होतं आणि मग मोटर जास्त पेट्रोल खाते, धूर काढते, आणि माणूस म्हणतो 'जुनी झाली'. चेतकला सात-आठ टक्के जास्त प्यायली तर कळलं नसेल तुम्हाला, राग मानू नका. मी मासे पकडायच्या नायलॉन दोरीचा तुकडा वापरला, आणि आधी एक रात्र कार्ब क्लीनरमध्ये भिजवलं. भिजवण्याआधी फ्लोट (कटोरीत तरंगणारा तुकडा), त्याची सुई, रबराचे ओ-रिंग सगळं बाहेर, नाहीतर रबर फुगतं. आयडलचा स्क्रू काढण्याआधी हलकेच पूर्ण आत फिरवून किती फेरे होतात ते मोजायचं, माझे दीड झाले, हातावर पेनाने लिहून ठेवले कारण कागद मी हरवतोच. नंतर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारली, तो म्हणाला 'साहेब, आ शेनुं छे?' (हे कशाचं आहे?), बोटीचं म्हटल्यावर पैसेच घेतले नाहीत.

टाकीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत म्हणून सांगतो, टाकी तशीच ठेवून कार्ब कितीही घासला तरी उपयोग नाही, पुढच्या वेळी तेच पाणी परत येणार. टाकी, नळी, पंपिंगचा रबरी फुगा, फिल्टर, सगळं रिकामं केलं. शंका असेल तर थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा, सकाळी तळाला थर दिसतो.

आणि सुरू करताना मोटर पाण्याच्या पिंपात बुडवूनच सुरू करायची, कोरडी चालवली तर आतल्या वॉटर पंपाचं रबर काही सेकंदांतच जळतं. आमच्या पिंपातलं पाणी गच्चीभर उडालं, खालच्या काकू अजून बोलत नाहीत.

जेटचा फोटो मागितला होतात ना, मोटर सध्या मित्राकडे चांदोदला आहे, रविवारी जातोय, तेव्हा काढून टाकतो.