रेकॉर्डवर पैसा आहे, पण सायकल कुठाय?

"जुनी सायकल ऑनलाइन घेताय? यूपीआयने पैसे भरा आणि निर्धास्त राहा!" अशा मथळ्याचा मेसेज सध्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या आम्हा सकाळच्या सायकलवाल्यांत फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, भाच्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर आला, आणि काल वहिनींनी तो मलाच पाठवला, वर "तुमच्या कामाचं आहे भाऊजी" असं लिहून. त्यात पाच सल्ले आहेत. यूपीआयने दिलेला पैसा रेकॉर्डवर असतो, म्हणून बुडत नाही. विकणाऱ्याचं आधार कार्ड मागून घेतलं की टोकन द्यायला हरकत नाही. आधी एक रुपया पाठवून नाव तपासा. रोखीने कधीच घेऊ नका. आणि सायकलला आरसी बुक नसतं, तेव्हा कागदाच्या भानगडीत पडू नका. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण पाचही सल्ले पिळून काढले तर त्यातून जेमतेम एक बरोबर निघतो.

नाशिकमध्ये जुन्या सायकलींचा बाजार मोठा आहे, हे आधी सांगायला हवं. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, आणि त्यानंतर माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांत गिअरची सायकल आली. त्यातल्या बऱ्याच सहा महिन्यांत बाल्कनीत गेल्या आणि वर कपडे वाळू लागले. पुढे त्याच सायकली ओएलएक्सवर, फेसबुक मार्केटप्लेसवर येतात. म्हणजे बहुतेक जाहिराती खऱ्याच असतात, आणि खोटी जाहिरात त्यांच्यातच बेमालूम बसते.

आता रेकॉर्डचं बघू. रेकॉर्ड असतं हे खरं. पण पैसा कुठे गेला हे कळणं वेगळं आणि तो परत येणं वेगळं; या दोन्हींत नाशिकरोड ते त्र्यंबकेश्वर एवढं अंतर आहे. यूपीआयमध्ये पिन टाकला की रक्कम काही सेकंदांत समोरच्याच्या खात्यात पडते. चेकसारखं बँकेत जाऊन 'थांबवा' म्हणायची सोय नाही. लोक रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाकडे बोट दाखवतात: तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की ग्राहकावर जबाबदारी शून्य. ते परिपत्रक आहे तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. इथे पिन तुम्ही स्वतःच्या बोटाने टाकलेला असतो, त्यामुळे बँकेच्या लेखी तो तुमचाच व्यवहार ठरतो. परदेशातल्या सायकलवाल्यांचे व्हिडिओ बघून कुणी पेपाल या परदेशी ऑनलाइन पेमेंट सेवेचं नाव काढतं; त्या कंपनीने भारतातल्या भारतात पैसे देण्याची सेवा १ एप्रिल २०२१ पासूनच बंद केली आहे. आणि ओएलएक्स-मार्केटप्लेसवर तुमची गाठ फक्त पडते. पैसे तुम्ही परस्पर देता, मध्ये कुणी राखणदार नसतो.

फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकायची. पैसे अजून समोरच्या खात्यात पडून असतील तर ते तिथेच गोठवता येतात. हे भामटे मात्र पैसे पडताच पुढच्या खात्यात ढकलतात किंवा काढून घेतात, म्हणून "उद्या बघू" म्हटलं की निम्मी आशा संपते.

याच मुद्द्याला एक शेपूट आहे. टोकन दिल्यावर संशय आला आणि पैसे परत मागितले की समोरचा लगेच तयार होतो. "हा क्यूआर स्कॅन करा, रिफंड येईल." पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो ना पिन. १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाला यूपीआयवर पैसे मागण्याची विनंती पाठवायची सोयच बंद झाली, त्यामुळे आता सगळा जोर क्यूआरवर आहे. पिन मागितला की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार, दुसरा अर्थ नाही.

आधार कार्डाच्या मुद्द्यावर मात्र थोडं थांबतो, कारण तो आमच्या घरात घडलाय.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला एक हायब्रिड सायकल दिसली, साडेआठ हजारांना. नवी घेतली तर दुप्पट पैसे. विकणारा म्हणाला, मी देवळाली कॅम्पला आहे, फौजेत, बदलीची ऑर्डर आली, दोन दिवसांत निघायचंय. गणवेशातला फोटो पाठवला, आधार कार्ड पाठवलं, कँटीनचं कार्डही पाठवलं. टोकन फक्त दीड हजार. नाशिककराला हे पटतं. देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, नाशिकरोडला तोफखान्याचं केंद्र, गांधीनगरला लष्कराचं विमानचालन प्रशिक्षण. गणवेश आपल्या रोजच्या बघण्यातला आहे आणि बदल्याही खऱ्याच होतात, म्हणून हे सोंग इथे जास्तच खपतं. बाहेरगावीही हीच चाल चालते. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये फसवणुकीच्या प्रकारांवर जी पुस्तिका काढली, तिच्यातही लष्करी जवान असल्याची बतावणी नोंदलेली आहे.

भाच्याने दीड हजार पाठवले. अर्ध्या तासात दुसरा मेसेज: कॅम्पच्या गेटमधून सायकल बाहेर काढायला दोन हजारांचा पास लागतो, तो नंतर परत मिळतो. तेव्हा कुठे पोरगं माझ्याकडे आलं. मी सायकलचा फोटो मोठा करून बघितला. सायकल ज्या शटरला टेकवली होती, त्याच्यावरचा बोर्ड कानडीत होता. आधार कार्डावरचा माणूस बहुधा खराच असावा. बिचाऱ्याने कधीतरी कुणाला तरी तो फोटो पाठवला असेल आणि आता त्याच्या नावावर सायकली विकल्या जातायत. फोटोतलं कार्ड एवढंच सांगतं की ते कार्ड कुठेतरी आहे. दीड हजार गेले ते गेलेच. १९३० वर फोन करेपर्यंत रात्र उलटली होती.

एक रुपया पाठवायचा सल्ला निरुपद्रवी आहे, पण पोकळ. ३० जून २०२५ पासून पैसे पाठवण्याआधीच ॲपला बँकेतलं खरं नाव दाखवावं लागतं, तेव्हा रुपयाही लागत नाही. नाव जरूर बघा. जाहिरातीत एक आणि खात्यावर भलतंच असेल तर तिथेच थांबा. पण नाव जुळलं म्हणून पुढे पळत सुटू नका. भाड्याने घेतलेली खाती सर्रास वापरात आहेत, आणि खात्यावरच्या नावाचं आधार कार्ड जमवणं त्यांना अवघड नाही.

"रोख कधीच नको" यात अर्धं तथ्य आहे. पंधरा हजार खिशात घालून अनोळखी माणसाला अंधारात पाथर्डी फाट्याला भेटू नये, बरोबर. पण रोख की यूपीआय यापेक्षा पैसे कधी देता याने जास्त फरक पडतो. सायकल समोर आहे, उलटी करून बघितली आहे, चाक आउट नाही, गिअर वर-खाली पडतायत, एक चक्कर मारून झाली आहे, मग रोख द्या नाहीतर स्कॅन करा. सायकल दिसण्याआधी दिलेला रुपया कुठल्याही मार्गाने दिला तरी तो दानच. विकणाऱ्यालाही धास्ती असते, की हा चक्कर मारायला म्हणून जाईल आणि परत येणार नाही. मी माझ्या ॲक्टिव्हाची चावी त्याच्या हातात देतो. गाडी त्याच्या दारात, सायकल माझ्याकडे, कुणाचा घोर नाही.

राहिला कागद. सायकलची आरटीओत नोंदणी नसते, हे खरं. म्हणूनच कागद जास्त लागतो. सायकल उलटी करा; पायडलच्या दोन दांड्यांमध्ये जी आडवी नळी असते, तिच्या बुडाशी सहसा फ्रेम नंबर ठोकलेला असतो. मागे सातपूरला एक एमटीबी, म्हणजे डोंगरवाटेची जाड टायरची सायकल, बघायला गेलो होतो. किंमत छान, टायर नवे, मालकही गोड बोलणारा. खाली बघितलं तर नंबराच्या जागी घासलेला चमकता पट्टा आणि त्यावर हलका काळा स्प्रे. मी चहाही न घेता निघालो. चोरीच्या वस्तूचे पूर्ण पैसे मोजले तरी मालकी मिळत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २७ तसं सांगतं. वस्तू चोरीची आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून ती घेतली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागू शकतं. घासलेला नंबर बघूनही घेतली तर "मला काय माहीत" हे कुणाला पटवणार?

भाच्याला शेवटी इंदिरानगरातून सायकल मिळाली, निवृत्त शिक्षकांकडून. दुकानाचं मूळ बिल हरवलं होतं. मी स्कॅन करून अकरा हजार पाठवले, माझ्या मोबाइलवर हिरवी टिक आली आणि मी उठायला लागलो. सर म्हणाले, "बसा. तुमची टिक मला काय करायची? माझ्या बँकेचा मेसेज येऊ द्या." आला. मग त्यांनी नातवाच्या वहीचं पान फाडलं, तारीख, रक्कम, दोघांची नावं लिहिली आणि फ्रेम नंबर वाचायला स्वतः गुडघ्यावर बसले. चौथं अक्षर आठ आहे की बी, यावर आमची पाच मिनिटं गेली. शेवटी मोबाइलचा टॉर्च लावून भाच्याने फोटो काढला, तेव्हा आठ निघाला.